पाइप कटरची पेटी जुळवताना: आतापर्यंतच्या कामाची नोंद

प्लंबिंगच्या पेटीत चार कटर पक्के झाले, दोन बाद झाले आणि एकाचा निर्णय अजून व्हायचा आहे. कोण कशामुळे राहिला आणि कोण कशामुळे गेला ते क्रमाने लिहून ठेवतो. ज्यांची पेटी अजून जुळायची आहे त्यांना यातलं बरंच थेट वापरता येईल.

कसोटी एकच लावली. कापल्यावर पाइपचं तोंड कसं राहतं आणि त्या तोंडावर पुढे काय बसणार आहे? कटर किती मापं कापतो हे खोक्यावर ठळक छापलेलं असतं, पण गळती होते ती तोंडामुळे. पुश-फिट (नुसतं ढकलून बसणाऱ्या) आणि प्रेस (यंत्राने दाबून बसवायच्या) फिटिंगच्या ओ-रिंगला, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्याला, काठावरची एक बारीक खाचही चालत नाही. आटे पाडायच्या पाइपचं तोंड काटकोनात नसेल, तर डाय (आटे पाडायचं हत्यार) पहिल्याच फेऱ्याला तिरकी चढते आणि एका बाजूला आटे खोल, दुसरीकडे उथळ पडतात. सोल्डरच्या जोडाला तोंड थोडं तिरकं असलं तरी चालून जातं, पण पाइप चेपून अंडाकृती झाला असेल तर फिटिंगमधली फट सगळीकडे सारखी राहत नाही आणि सोल्डर अर्ध्यातच थांबतं.

नोंद 1: कटरच्या आधी व्हर्नियर (व्यास मोजायचं साधन)

‘अर्धा इंच’ हा शब्द ऐकून कटर घेऊ नका. पाण्याच्या इंची मापातल्या तांब्याच्या अर्धा इंच नळीचा बाहेरचा व्यास 15.9 मिमी असतो. एसी आणि फ्रीजच्या कामातली अर्धा इंच तांब्याची नळी बाहेरूनच मोजतात, म्हणून ती 12.7 मिमी भरते. अर्धा इंच जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप बाहेरून 21.3 मिमी. तांब्याच्या मापावर बनणारा सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा कडक प्लास्टिकचा पाइप) पुन्हा 15.9 मिमी. मेट्रिक तांब्याची 15, 22, 28 ही मापं मात्र बाहेरच्या व्यासाचीच असतात.

एका हाताने फिरवायचा, एकाच मापाचा स्प्रिंगवाला कटर पेटीतून बाद झाला तो याच कारणाने. 15 मिमीच्या पाइपवर तो झकास चालतो: पाइपवर चढवा, बाणाच्या दिशेने फिरवा, चाक आपोआप आत जात राहतं. पण 15.9 मिमीच्या नळीवर तो नीट चढत नाही आणि जबरदस्तीने चढवला तर पहिल्या फेऱ्यातच दाब जास्त पडतो. सगळं काम मेट्रिक मापाचं असेल तर हा कटर जरूर घ्या, 15 आणि 22 असे दोन पुरतात. मापं मिसळलेली असतील तर स्क्रूने आवळायचा कटरच हवा.

व्हर्नियर एकाच जागी लावून थांबू नका. पाइप पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. दोन आकड्यांत फरक दिसला तर पाइप आधीच चेपलेला आहे, आणि तो दोष कटरच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

नोंद 2: तांब्यासाठी स्क्रूचा कटर

एक चाक, दोन रोलर आणि मागे आवळायची मूठ, इतकीच याची रचना. सगळा फरक या तीन भागांच्या घट्टपणात आहे. हातात घेतल्यावर आधी चाकाची पिन बघा. चाक बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. अगदी थोडी हालचाल ठीक, पण चाक डुलत असेल तर तो कटर ठेवून द्या. मग रोलर बघा: लांब, गुळगुळीत आणि मोकळे फिरणारे हवेत. आखूड रोलरवर पाइप तिरका बसतो. रोलरच्या काठाजवळ कोरलेली खाच असेल तर उत्तम. फ्लेअर केलेलं (बाहेर पसरवलेलं) तोंड त्या खाचेत बसतं, चाक फ्लेअरच्या अगदी जवळ येतं आणि तुकडा कमीत कमी वाया जातो.

कटर पारखायची खरी रीत अशी आहे. तांब्याच्या पाइपच्या तुकड्यावर चाक नुसतं टेकवा, हलकं आवळा आणि पूर्ण एक फेरा फिरवा. रेघ जिथून सुरू झाली तिथेच येऊन मिळाली तर कटर सरळ आहे. रेघेचं टोक बाजूला सरकलं, म्हणजे स्क्रूच्या आट्यासारखी रेघ पडली, तर पिन वाकलेली आहे, रोलर झिजलेत किंवा मध्ये कीस अडकलाय. कीस फडक्याने पुसून पुन्हा करून बघा. तरीही रेघ सरकत असेल तर तो कटर कामाचा नाही, मग नाव कोणतंही असो. ही तपासणी नव्या कटरवरही करा.

कापताना प्रत्येक पूर्ण फेऱ्याला मूठ पाव फेरा आवळायची, त्याहून जास्त नको. गुंडाळीत येणाऱ्या मऊ तांब्याला त्याच्या निम्मंच पुरतं. घाईत आवळलं की तीन गोष्टी बिघडतात: पाइप चेपतो, आतला बर (कापाच्या काठाला उभी राहणारी कड) जाड होतो आणि चाकाच्या धारेला टवके उडतात. टवका उडालेलं चाक ओळखायला सोपं आहे. कापाच्या रेघेत चाकाच्या दर फेऱ्याला त्याच अंतरावर एक बारीक गाठ दिसते. चाक बदला, धार लावायच्या फंदात पडू नका.

इथे हॅक्सॉचा (धातू कापायच्या करवतीचा) विषय निघतोच. 15 मिमी तांब्याच्या पाइपची जाडी बहुतेक वेळा 0.7 मिमी असते. इंचाला 32 दातांच्या सगळ्यात बारीक पात्यातही दोन दातांत 0.8 मिमी अंतर असतं. म्हणजे भिंतीच्या जाडीवर एक दातसुद्धा पुरता टेकत नाही, दात अडकतो आणि काठ फाटतो. शिवाय पातं पाइपचाच थोडा भाग कीस करून टाकतं, चाक तसं करत नाही. माप अचूक लागतं तिथे हा फरक जाणवतो, आणि आत पडलेला कीस पुढे व्हॉल्व्हच्या सीटमध्ये जाऊन बसतो ते वेगळंच.

नोंद 3: बर

काप झाला म्हणजे काम झालं नाही. चाक धातू कापतं तसं आतही ढकलतं, त्यामुळे तोंडाच्या आत एक कडा उभी राहते. नख आतून बाहेर ओढलं की ते त्या कडेला अडकतं. ती तशीच सोडली तर पाणी तिथे घुसळतं, आणि सतत फिरणाऱ्या गरम पाण्याच्या लाइनमध्ये त्या घुसळण्याने जोडाच्या पुढची तांब्याची भिंत आतून खरवडली जाऊन पातळ होत जाते.

बहुतेक कटरच्या पाठीला तिकोनी पातं असतं. अडचणीला ते चालतं, पण दिवसाला वीस-तीस तोंडं करायची असतील तर वेगळा गोल रीमर (बर काढायचं हत्यार) घ्या, आत आणि बाहेर दोन्हीकडून चालणारा. तोंड खाली धरूनच रीम करा, कीस जमिनीवर पडेल, पाइपात नाही. दोन-तीन हलके फेरे बस होतात. जास्त रेटलं तर काठ वस्तऱ्यासारखा पातळ होतो आणि आतली कड घालवता घालवता बाहेरची उभी राहते. शेवटी बाहेरच्या काठावर बोट फिरवून बघा. बोटाला जे लागेल ते ओ-रिंगलाही लागणार.

पुश-फिटसाठी अजून एक पायरी: फिटिंग किती आत जायचं ते माप पाइपवर मार्करने आखून ठेवा. तोंड तिरकं असलं की पाइप एका बाजूने टेकतो आणि पूर्ण बसल्यासारखा वाटतो. खूण बाहेर राहिली तर ते लगेच कळतं.

नोंद 4: भिंतीलगतची लाइन

हीटिंगच्या जुन्या कामात पाइप मोकळा मिळत नाही. भिंतीला क्लॅम्पने धरलेला, शेजारी दुसरा पाइप, वर रंगाचे थर. मोठा कटर तिथे पूर्ण फिरत नाही, म्हणून पेटीत मिनी कटर लागतोच. रिजिड कंपनीचा 101 पाव इंच ते 1 1/8 इंच इतक्या बाहेरच्या व्यासाला चालतो, म्हणजे 28 मिमीपर्यंत पोचतो. त्याचाच धाकटा 103 फक्त 5/8 इंचापर्यंत जातो, पण त्याला फिरायला जागा कमी लागते. कोणता घ्यायचा ते पाइपच्या मापावर ठरवू नका, पाइपमागच्या फटीवर ठरवा. कटर पाइपच्या तुकड्यावर चढवा, पाइपच्या पृष्ठभागापासून कटरचं सगळ्यात बाहेर येणारं टोक किती लांब आहे ते मोजा. तेवढी जागा पाइपमागे हवी. क्लॅम्प सैल करून पाइप थोडा पुढे ओढता येत असेल तर आधी तेच करा.

कापायच्या जागी रंग आणि गंज घासून काढा, कटर बसेल त्याच्या दुप्पट लांबीत. रंगावर रोलर घसरतात आणि रेघ हमखास सरकते. लाइन रिकामी केली असली तरी खालच्या वळणात पाणी उरतंच, आणि हीटिंगच्या लाइनमधलं काळं पाणी फरशीवर डाग पाडतं. शेवटच्या दोन फेऱ्यांआधी खाली भांडं आणि फडकं ठेवा. सोल्डर करायचं असेल तर पाण्याचा थेंबही उरता कामा नये, नाहीतर ज्योत कितीही वेळ धरली तरी जोड तापत नाही.

नोंद 5: प्लास्टिक

पेक्स (लवचिक प्लास्टिकचा पाइप) आणि मल्टिलेयरसाठी रॅचेटची (टप्प्याटप्प्याने आवळत जाणारी) कातर पक्की केली. पातं धारदार हवं आणि खालचा आधार रुंद हवा, एवढंच बघा. कापताना कातर पिळू नका. पिळली की पातं बाजूला वाकतं आणि तोंड तिरकं येतं.

मल्टिलेयरमध्ये दोन प्लास्टिकच्या थरांत अ‍ॅल्युमिनियम असतं, त्यामुळे बोथट पात्याने चेपलेला पाइप आपणहून गोल होत नाही. 16 किंवा 20 मिमीच्या मापाचा कॅलिब्रेटर आत घालून फिरवा, तोंड गोल होईल आणि आतल्या काठाला उतार येईल. हे टाळलं की फिटिंगची ओ-रिंग, जी इथे पाइपच्या आत जाते, काठाला अडकून जागेवरून सरकते. चाचणीच्या दाबाला ती कधी धरते, कधी नाही, आणि म्हणूनच हा दोष वाईट.

सीपीव्हीसीला कातर लावताना जपा. थंडीत किंवा जुना झालेला पाइप कडक होतो आणि पात्याच्या दाबाने तोंडापासून केसासारखी चीर आत जाते. अशा पाइपला प्लास्टिक कापायचं चाक लावलेला कटर किंवा बारीक दातांची करवत बरी. चीर दिसलीच तर ती जिथे संपते त्याच्या पुढे निदान 50 मिमी कापून टाका. बाहेरच्या काठाला 10 ते 15 अंशांचा उतार द्या, नाहीतर सॉल्व्हंट सिमेंट फिटिंगमध्ये जाताना खरवडून पुढे ढकललं जातं.

चाकं बदलून तांबं, प्लास्टिक, लोखंड सगळं कापणारा एकच कटर हा दुसरा बाद झालेला. चाकं खरोखर वेगळी असतात: प्लास्टिकचं उंच आणि पातळ, लोखंडाचं बुटकं आणि जाड. पण कामाच्या मध्ये चाक बदलायचा कंटाळा येतो, आणि चुकीच्या चाकाने केलेला काप पुढे सगळं बिघडवतो.

नोंद 6: जीआय

इथे जड, एक चाक आणि दोन रोलरचा, दोन इंचापर्यंतचा कटर घेतला. पाइप व्हाइसमध्ये घट्ट धरा, चाकाला आणि कापाला तेल द्या, दर फेऱ्याला अर्ध्याहून जास्त आवळू नका. चार चाकांचा कटर पूर्ण न फिरवता मागेपुढे झुलवून कापतो, म्हणून खड्ड्यात किंवा कोपऱ्यात तोच कामी येतो. मात्र त्याला रोलरचा आधार नसतो, म्हणून सुरुवातीला चारही चाकं एकाच रेघेत बसली का ते नीट बघावं लागतं.

जीआयचा आतला बर तांब्यापेक्षा कितीतरी जाड असतो. कटरचं तिकोनी पातं त्याला पुरत नाही, वेगळा स्पायरल रीमर लागतो. आटे पाडायच्या आधी गुण्या लावून तोंड तपासा.

बिडाच्या जुन्या सांडपाण्याच्या पाइपला साखळीचा कटर लागतो. साखळीतली चाकं सगळीकडून एकदम दाबली जातात आणि पाइप रेघेवर कडकन तुटतो. हे काम क्वचितच निघतं, तेव्हा विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणणं शहाणपणाचं.

बाकी: स्टेनलेस

प्रेस फिटिंगच्या स्टेनलेस पाइपची जाडी 15 मिमी मापाला 1.0 मिमी आणि 22 मिमीला 1.2 मिमी असते. आकडा लहान वाटतो, पण हा धातू घासला की आणखी कडक होतो. चाक नुसतं फिरत राहिलं आणि आत गेलं नाही, तर पुढचा फेरा आधीपेक्षा जड जातो. म्हणून प्रत्येक फेऱ्याला थोडं पण न चुकता आवळत जायचं आणि सावकाश फिरवायचं. ग्राइंडर लावायचा नाही, उष्णतेने काठ निळा पडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

निर्णय अडलाय तो तांब्याच्या कटरला स्टेनलेसचं चाक बसवायचं की वेगळा कटर घ्यायचा यावर. सध्याचा कल वेगळ्या कटरकडे आहे, कारण जीआय कापलेल्या चाकावरचा किंवा रोलरवरचा लोखंडाचा कीस स्टेनलेसवर घासला गेला तर तिथे तांबूस डाग पडतात. तोपर्यंत स्टेनलेसचं चाक वेगळ्या डबीत, नाव लिहून ठेवलं आहे आणि बसवण्याआधी रोलर पुसून घेतो. बाकीच्या चारही कटरच्या पिनला काम संपल्यावर तेलाचा एक थेंब, आणि चाकाच्या प्रत्येक कटरची दोन-दोन सुटी चाकं पेटीच्या झाकणात.