टाकी उचलली की गाडी शहाणी

माझी मोटरसायकल चालता चालता बंद पाडणारा चोर सापडला, मंडळी. तो कार्बमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बुरेटरमध्ये) नव्हताच. तीन रविवार ज्या फ्लोटला (कार्बमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या तुकड्याला) शिव्या घातल्या, त्याची आधी माफी मागतो.

मागच्या वेळी जिथे थांबलो होतो, तिथूनच पुढे. सर्व्हिसिंगहून आल्यापासून दुखणं एकच. चाळीसच्या आत दिवसभर फिरवा, तक्रार नाही. साठला धरली की तीन-चार मिनिटांत मलूल होते, दोन आचके देते आणि बंद. कडेला दोन मिनिटं उभी केली की एका किकमध्ये चालू. मरता मरता चोक ओढला तर आणखी थोडी रेटते. म्हणजे करंटचा प्रश्न नाही, पेट्रोलच कमी पडतंय, एवढं पक्कं होतं.

टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक तुंबलं असेल म्हणून अर्ध्या टाकीवर झाकण सैल ठेवून पळवली, फरक शून्य. कॉकची, म्हणजे टाकीखालच्या तोटीची, जाळी स्वच्छ. फ्लोटची उंची दोनदा मोजली, नीडल व्हॉल्व्ह (फ्लोटने उघड-बंद होणारी पेट्रोलची झडप) नवा टाकला. आणि दर वेळी तोच खेळ: टाकी उचलायची, पाइप बाटलीत सोडायचा, कॉक उघडायचा. धो धो धार! टाकी बसवायची, चक्कर मारायची, चौथ्या मिनिटाला पुन्हा कडेला.

शेवटी वैतागून कागद घेतला. साठच्या वेगाने, ४५ च्या अ‍ॅव्हरेजने, तासाला साधारण १.३ लिटर लागतं. म्हणजे मिनिटाला २२ मिली. चाळीसला अ‍ॅव्हरेज ५५ धरलं तर जेमतेम १२. मग कार्बमध्ये मिनिटाला या दोन आकड्यांच्या मधलं काहीतरी पोचत असणार! चाळीसला ते पुरतं, साठला बाउलमधला (कार्बच्या तळच्या, फ्लोटच्या वाटीतला) साठा खाऊन संपतो, आणि उभी केली की बाउल हळूहळू भरतो. सगळी लक्षणं त्या एका कागदावर बसली. हा हिशेब पहिल्या दिवशी का नाही केला, विचारू नका.

मग टाकीला हातच लावायचा नाही असं ठरवलं. इंजिन थंड, गाडी अंगणात मोकळ्या हवेत, बाउलच्या तळाच्या ड्रेनला नळी लावून ती मापाच्या बाटलीत. ड्रेन स्क्रू सैल केला, आधीचं साठलेलं वाहून जाऊ दिलं आणि घड्याळ लावलं. एका मिनिटात १४ मिली. थेंबथेंब! टाकीचा मागचा बोल्ट काढून खाली लाकडाचा ठोकळा सरकवला, बाकी काहीही न बदलता पुन्हा मोजलं: १७०.

म्हणजे मी तपासायला टाकी उचलत होतो आणि उचलल्यामुळेच दोष पळत होता. मोबाइलचा कॅमेरा फटीतून आत घातला तेव्हा दर्शन झालं. मेकॅनिकने जुना कडक पाइप काढून नवा पारदर्शक पाइप टाकला होता, जुन्यापेक्षा चांगला दोन इंच जास्त लांब, आणि मध्ये एक फिल्टर अडकवला होता. हेतू चांगलाच, पण बोल्ट आवळला की फिल्टर फ्रेमला टेकतो आणि त्याच्या मागे पाइप उसासारखा मोडतो.

त्या पारदर्शक पाइपांबद्दल माझं मत आधीपासून वाईट आहे. आत पेट्रोल दिसतं म्हणून लोक भाळतात. पुढे ते पिवळे पडतात, कडक होतात, क्लिपपाशी सुटतात. मी इंधनाचाच काळा रबरी पाइप आणला, अंगावर ३०आर७ (इंधनाच्या पाइपाचं मानक) छापलेला. जुन्याच्या मापाने कापला. फिल्टर काढून टाकला. कॉकला जाळी आहे, टाकी आतून गंजलेली नाही, आणि इथे पंप नाही, पेट्रोल फक्त उंचीच्या जोरावर उतरतं. टाकी बसवून, बोल्ट आवळून मोजलं: १६५. बाटलीकडे बघून एकटाच हसलो.

काल साठच्या वेगाने सलग अर्धा तास चालवली. एक आचका नाही.

पुढचा बेत खरं तर फिल्टर दुसऱ्या जागी बसवण्याचा होता, पण हे लिहितानाच सुचलं: पाइपवर बाहेरून स्प्रिंग चढवली तर वळणावर तो मोडणारच नाही. काही गाड्यांत कंपनीच तशी देते. आधी ते करतो, फिल्टरचं नंतर बघू.

एक कुरबुर शिल्लक आहे. बंद थ्रॉटलवरून हलकेच उघडताना किंचित अडखळते. सर्व्हिसिंगमध्ये मिक्श्चर स्क्रू (कमी थ्रॉटलला पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) फिरवलेला दिसतोय, कारण डोक्यावर ताजे ओरखडे आहेत. (साध्या फिलिप्सने जपानी पद्धतीचे स्क्रू फिरवू नका हो, खाचा झिजतात. जेआयएसचा, म्हणजे जपानी मानकाचा, एक स्क्रूड्रायव्हर घेऊन ठेवा.) पायलट जेटमध्येही (कमी थ्रॉटलला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या नळीत) साफ करायला तार घातली असेल तर देवच वाचवो, पितळेचं भोक एकदा मोठं झालं की गेलं. पण या खेपेला कार्ब उघडायच्या आधी स्क्रू हलकेच आत बसवून किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवणार आहे. टाकी जागेवर ठेवूनच.