आमची वाटचाल: पहिल्या दिवशी विणायचं नाही

आम्ही विकलेला पहिला हातमाग सध्या कोथरूडमध्ये एका माळ्यावर पडून आहे. त्याच्यावर आकाशकंदिलाचं खोकं असतं. मला हे माहीत आहे, कारण माग घेणारी माझी सख्खी मामी. तिला विचारलं तर ती काही लपवत नाही. "अगं, तुम्ही लावून दिलेला ताणा संपला, आणि मग राहूनच गेलं." ताणा म्हणजे विणण्याआधी मागावर ताणून लावायचे उभे धागे.

हे "राहूनच गेलं" पुढे मी इतक्या जणांकडून ऐकलं, की आमचा धंदाच त्यामुळे बदलला.

सुरुवात साधी होती. नवऱ्याचं नऱ्ह्यात सुतारकामाचं छोटं वर्कशॉप, आणि मी शाळेत हस्तकला शिकवायचे. टेबलावर मावेल असा 16 इंची हातमाग आपणच करू, असं ठरलं. परदेशी मागांच्या किमती बघून धाडस आलं, असं म्हणणं जास्त खरं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून सागवान आणलं. फण्या भोसरीला अ‍ॅक्रिलिकच्या कापून घेतल्या, लेझरवर.

या मागाचा जीव त्या फणीत असतो. एक खाच, एक भोक, एक खाच, एक भोक. ताण्याचे धागे एकाआड एक त्यांतून ओवायचे. फणी वर उचलली की भोकांतले धागे वर जातात, खाचांतले जागेवर राहतात आणि मधे आडवा धागा, म्हणजे बाणा, नेणाऱ्या धोट्याला वाट होते. खाली दाबली की उलट. इतकंच यंत्र. बाण्याचा धागा जागेवर ठोकायचं कामही हीच फणी करते.

आमच्या पहिल्या फण्यांच्या भोकांना मात्र धार राहिली होती. विसाव्या ओळीपर्यंत धागा घासून पिंजायचा आणि तुटायचा. 12 माग परत मागवले. एका फणीला 160 खाचा-भोकं, म्हणजे एकूण 1920. सासूबाई आणि मी रात्री मालिका बघत पॉलिश पेपरची सुरळी करून एकेक भोक घासत होतो. त्या मालिकेचा शेवट मला अजून आठवत नाही, भोकं आठवतात.

माग खपावेत म्हणून रविवारी दोन तासांचा वर्ग सुरू केला. ताणा आम्ही आदल्या रात्री लावून ठेवायचो. लोक यायचे, धोटा इकडून तिकडे सरकवायचे, वीतभर कापड घेऊन फोटो काढून जायचे. मोठा गवगवा झाला. काही जण उत्साहात माग घेऊन जायचे, आणि मग माळा.

याचं कारण आम्हाला सांगितलं मास्तरांनी. मूळचे सोलापूरचे, पद्मशाली म्हणजे पिढीजात विणकर घरातले. उभी हयात मागावर काढून आता हडपसरला मुलाकडे राहतात. फण्यांची चौकशी करता करता ओळख झाली आणि एका रविवारी त्यांना वर्ग बघायला बोलावलं. आमचा माग बघून आधी हसले. "ताई, हे खेळणं छान केलंय." मग दोन तास गप्प बसून होते. सगळे गेल्यावर म्हणाले, "तुम्ही नुसता धोटा टाकायला शिकवताय. ताणा कोण लावणार? आमच्यात ताण्याला अख्खं घर लागायचं."

मला राग आला होता. दोन दिवसांनी पटलं.

तेव्हापासून आमच्याकडे पहिल्या दिवशी कोणी विणत नाही. पहिला अर्धा तास गणित. स्टोल 30 सेंटिमीटर रुंद, सेंटिमीटरला 4 धागे, म्हणजे 120 धागे. प्रत्येक अडीच मीटर, म्हणजे नुसत्या ताण्याला 300 मीटर सूत. त्यातले साधारण 60 सेंटिमीटर पुढच्या गाठींत आणि मागच्या न विणता येणाऱ्या टोकाला जातात, हे सांगितलं की हमखास कोणीतरी विचारतं, "एवढं वाया?" पुण्यात आहोत, प्रश्न यायचाच. त्यातल्या थोड्याच्या दशा करता येतात, बाकीचं खरंच वाया जातं.

मग ओवणं, आणि ताणा मागच्या रुळावर गुंडाळणं. प्रत्येक फेऱ्यात मधे जाड कागद घालायचा. नाहीतर वरचे धागे खालच्यांत रुततात, काही सैल पडतात, काही ताठ राहतात, आणि अर्ध्या स्टोलनंतर कापडाला पोट येतं. शेवटी ताण्यावरून तळहात हलका फिरवायचा. सैल धागा हाताला कळतो, डोळ्याला नाही. संध्याकाळी पाठ धरलेली असते आणि हातात काहीच नसतं.

अर्थातच गर्दी ओसरली. रविवारी बाहेर पडलेल्या माणसाला काहीतरी घरी न्यायचं असतं, त्याचं काही चुकत नाही. कंपन्यांसाठी दोन तासांचे जुने वर्ग आम्ही आजही घेतो, कारण जागेचं भाडं त्यांवरच निघतं. त्याला शिकवणं म्हणत नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी विणायला बसलं की सगळ्यांची चूक एकच: 30 सेंटिमीटरवर सुरू झालेलं कापड वीतभर विणेपर्यंत 24 वर येतं. कडा नीट दिसावी म्हणून आडवा धागा ओढला जातो. धागा सरळ न टाकता तिरका सोडायचा आणि मग फणी ठोकायची. वर-खाली जायला त्याला जास्तीची लांबी लागते, ती त्या तिरकेपणातून मिळते. आणि टेप जवळ ठेवायची.

नवीन तुकडी शक्यतो पावसाळ्यात सुरू करतो. सुती धागा ओलाव्यात जास्त मजबूत असतो, पुण्याच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये तटातट तुटतो. जुने विणकर खड्ड्यातल्या मागावर बसायचे, तिथे जमिनीची ओल धाग्याला मिळायची. आम्ही चौथ्या मजल्यावर. उन्हाळ्यात खोलीत ओले पंचे वाळत घालतो.

"म्हणजे चरखा ना?" हे अजूनही फोनवर ऐकू येतं. गांधीजींच्या येरवडा चरख्याच्या गावात तेवढं माफ. चरख्यावर सूत निघतं, कापड मागावर होतं, असं सांगते आणि पत्ता देते.

आता आम्ही पहिल्या भेटीत माग विकत नाही. महिनाभर भाड्याने देतो, ताणा न लावता. घरी एकट्याने दुसरा ताणा लावला की मग विकतो. यंदा भाड्याचे माग कमी पडले, म्हणून मामीला म्हटलं, तुझा तरी दे. ती लगेच म्हणाली, "नको गं, दिवाळीनंतर काढणारच आहे मी तो."