साबण गेला, मीठ राहिलं: ग्लिसरीनपासून हायड्रोजन, नववा आठवडा

गेल्या नोंदीत मी छाती फुगवून लिहिलं होतं की ई. कोलाय या जीवाणूतलं एक जनुक काढलं की ग्लिसरीनपासून मिळणारा हायड्रोजन वायू दुप्पट येणार. नाही आला. तिसऱ्या हिश्श्याने वाढला, बस्स. आणि तोही शुद्ध ग्लिसरीनवर.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. तेलातून 100 किलो बायोडिझेल निघालं की साधारण 10 किलो कच्चं ग्लिसरीन उरतं, काळपट आणि चिकट. त्यात मेथनॉल, साबण, उत्प्रेरकाचा क्षार असं सगळं मिसळलेलं. ई. कोलायला हवेशिवाय ग्लिसरीन आंबवताच येत नाही असं बरीच वर्षं मानत. 2006 मध्ये अमेरिकेतल्या राईस विद्यापीठातल्या रामोन गोन्झालेझ यांच्या गटाने ते येतं हे दाखवलं. एका रेणूमागे एक इथेनॉल, एक कार्बन डायऑक्साइड, एक हायड्रोजन. म्हणजे 1 ग्रॅम ग्लिसरीनमागे फार तर 260 मिलिलिटरच्या आसपास हायड्रोजन.

आम्ही ई. कोलायचा के-12 हा निरुपद्रवी वाण घेऊन त्यातलं एचवायसीए हे जनुक काढलं. आंबवताना मधे तयार होणारं फॉर्मेट फोडून हायड्रोजन सोडणाऱ्या यंत्रणेला हे जनुक लगाम घालतं. (हे काम परवानगी असलेल्या सामायिक प्रयोगशाळेतच, आणि वापरलेली प्रत्येक बाटली ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक) केल्याशिवाय बाहेर जात नाही. घरच्या ओट्यावर करायची ही गोष्ट नव्हे.) जनुक खरंच गेलं का हे तपासणाऱ्या पीसीआर चाचणीची पट्टी हवी तिथे आली तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

100 मिलिलिटर द्रावणात 1 ग्रॅम शुद्ध ग्लिसरीन, पीएच 6.3, कार्बन डायऑक्साइड शोषला जावा म्हणून वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून नेऊन पाण्यावर मोजला. मूळ वाणाने 71 मिलिलिटर दिला, बदललेल्याने 96. मग तेवढंच ग्लिसरीन पडेल इतका कच्चा माल घातला. 8 मिलिलिटर! दोन दिवस नळी हलवून बघत बसलो, कुठे गळतंय का म्हणून. कुठेही गळत नव्हतं.

आधी मेथनॉलवर संशय घेतला. ते उडवलेलंच होतं. मग साबणावर. फॉस्फोरिक आम्ल घालून तोही फोडला होता. वर मेदाम्लांचा तपकिरी थर, मध्ये ग्लिसरीन, तळाशी पांढरा रवाळ गाळ. तो गाळ बघून मी निश्चिंत झालो होतो, म्हटलं मीठ खाली बसलं. चूक तिथेच होती. आमच्या बायोडिझेलला उत्प्रेरक पोटॅशचा, त्यात आम्ल फॉस्फोरिक, म्हणजे गाळाखेरीज मधल्या थरातही पोटॅशियम फॉस्फेट भरपूर विरघळलेलं. आणि गोन्झालेझ यांच्याच गटाने लिहून ठेवलंय की ई. कोलायला ग्लिसरीन आंबवायचं तर पोटॅशियम आणि फॉस्फेट दोन्ही कमी हवीत. तो लेख माझ्याकडे छापलेला होता, पिवळ्या पेनाने रेघा मारलेला. रेघा दुसऱ्याच परिच्छेदावर.

पुढची खेप कॉस्टिक सोड्याने केली आणि साबण फोडायला हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलं. उरतं ते साधं मीठ, ते या जीवाणूंना बऱ्यापैकी चालतं. त्याच वाणाने 64 मिलिलिटर दिला. जनुकाने तिसरा हिस्सा वाढवला, आम्ल आणि उत्प्रेरक बदलल्याने आठपट. वाण बनवायला पाच आठवडे गेले होते, हे सांगायला जरा लाज वाटते.

अजून एक. द्रावणात निकेल, सेलेनियम आणि मॉलिब्डेनम अगदी सूक्ष्म प्रमाणात का होईना, घालाच. ही यंत्रणा त्या तिन्हींवर उभी आहे. मी एका खेपेला सेलेनाइट (सेलेनियमचा क्षार) विसरलो; जीवाणू वाढले, द्रावण गढूळ झालं, वायू जवळपास शून्य.

परीक्षानळीभर वायू बाहेर मोकळ्यावर पेटवून पाहिला. ‘पॉप’ झालं. एवढ्यावरच थांबलो, कारण हवेत 4 ते 75 टक्के हायड्रोजन असला की तो पेटतो, आणि मोठ्या बाटलीत नेमकं किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

64 चे 90 होतील, पण 260 ची भिंत ई. कोलायला ओलांडता येणार नाही. पाण्यासकट ग्लिसरीन पुरतं फोडलं तर रेणूमागे 7 हायड्रोजन निघू शकतात. उजेडावर जगणाऱ्या रोडोस्यूडोमोनास पालुस्ट्रिस या जीवाणूने कच्च्या ग्लिसरीनवर 6 पर्यंत मजल मारल्याचं 2009 मध्ये छापून आलंय. तो वाण परवा लावला. दिव्यासमोरची बाटली आज सकाळी फिकट गुलाबी झाली होती, बुडबुडा अजून एकही नाही.