सोळा पानांसाठी पुण्याला

पहाटे साडेपाचच्या एसटीनं कोल्हापूर सोडलं आणि स्वारगेटला उतरायला पावणेबारा वाजले. हायवेचं काम सुरू असल्यापासून हा रस्ता किती वेळ खाईल ते ड्रायव्हरही सांगत नाही. तेव्हा पुण्यात छापायला येणाऱ्यांना पहिला सल्ला: पोचायच्या दिवशी दुपारी कुणालाही वेळ देऊन ठेवू नका.

पिशवीत पेन ड्राइव्ह, लिनोचा कोरलेला ठोकळा (शाई लावून कागदावर चित्र उमटवायला), शाईची डबी आणि घड्या घालून पानांचे आकडे टाकलेला एक कागद. मी शाळेत चित्रकला शिकवते. गेले तीन हंगाम उसाच्या ट्रॉल्यांच्या मागच्या फळीवरची चित्रं वहीत उतरवून घेतेय. मोर, बैलजोडी, अंबाबाई, आणि कागलच्या एका ट्रॉलीवर चक्क विमान. त्यांची सोळा पानांची पुस्तिका काढायची, आणि शनिवारी संध्याकाळी एरंडवण्यात काही तरुण चित्रकारांनी जमवलेल्या मेळाव्यात टेबलावर मांडायची, असा बेत. 'झीन' हा शब्द आमच्या स्टाफरूममध्ये कुणाला माहीत नाही. चित्रकारानं स्वतःच लिहिली, काढली, छापली आणि पिन मारून विकली अशी पातळ पुस्तिका, एवढं सांगितलं की पुरतं. पुढचा प्रश्न 'किती मिळतात?' असा असतो, त्याचं उत्तर खाली येईलच.

स्वारगेटहून मेट्रोनं थेट शिवाजीनगर गाठलं. २०२४च्या सप्टेंबरपासून हा भुयारी टप्पा सुरू झालाय, त्यामुळं बाहेरगावच्या माणसाची पेठांमधली रिक्षाची घासाघीस संपली. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० सालापासूनची. झाड न तोडता सुती चिंध्यांपासून कागद होतो, आणि तिथल्या दुकानात ताव सुटे विकत मिळतात. मला मुखपृष्ठासाठी हवा होता. इथं थोडं गणित करून जा. साधारण २२ बाय ३० इंची तावातून ए६ (नेहमीच्या ए४ कागदाच्या पावपट) पुस्तिकेची दहा मुखपृष्ठं निघतात (उघडल्यावर ए५ होणारी), म्हणजे शंभर प्रतींना दहा ताव. मी बारा घेतले, बरं झालं. जास्त जाड घेऊ नका, घडीपाशी फुगतो. मिलच्या कागदात तंतू एका दिशेला पडलेले असतात. घडी त्या दिशेनं बसवली तर बसते, आडवी घातली तर पाठ तडकते. हातकागदाचे तंतू कसेही विखुरलेले असतात, त्यामुळं तो कसाही दुमडा. मात्र झेरॉक्सच्या मशीनमध्ये हा कागद घालायला कुणी तयार होत नाही. म्हणून तर लिनोचा ठोकळा सोबत आणला होता.

परत मेट्रोनं कसबा पेठ, आणि तिथून चालत अप्पा बळवंत चौक. रविवारी इथली बरीच दुकानं बंद असतात, म्हणून शुक्रवार धरला होता. रंग, ब्रश, पेनं राहिली असतील तर व्हीनस ट्रेडर्स चौकातच आहे. आत शिरलात की अर्धा तास गेलाच, तेवढा मोजून ठेवा.

आता छपाई. ए३ कागदाच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ पानं मांडली की तीन घड्यांत ए६ आकाराची सोळा पानं तयार होतात. पानांची मांडणी डोळे चक्रावून टाकणारी असते. एका बाजूला खालच्या ओळीत ४, १३, १६, १ आणि वरच्या ओळीत उलटी ५, १२, ९, ८. दुसऱ्या बाजूला खाली २, १५, १४, ३ आणि वर उलटी ७, १०, ११, ६. पाठ करू नका. कोऱ्या कागदाला तीन घड्या घाला, पेन्सिलीनं कोपऱ्यात आकडे टाका आणि उलगडा, सगळं समोर येतं. कण्याला, म्हणजे पुस्तिकेच्या पाठीच्या घडीला, लागून असलेल्या कुठल्याही जोडीची बेरीज १७ यायला हवी. ४ आणि १३, १६ आणि १. नाही आली तर चुकलंय.

माझी बेरीज बरोबर होती आणि तरीही साठ कागद वाया गेले. चौकाजवळच्या एका दुकानात प्रिंट द्यायला सांगितल्या. मुलानं विचारलं, ''लाँग एज की शॉर्ट एज?'' म्हणजे मागची बाजू छापताना कागद लांब कडेवर उलटायचा की आखूड. मी शाळेतल्या बाईंच्या आत्मविश्वासानं चुकीचं उत्तर दिलं. मागची बाजू पूर्ण उलटी फिरली, पण या मांडणीत अर्धी पानं मुळातच उलटी असल्यानं वरवर बघून काही कळत नाही. एक प्रत दुमडून पाहिली तेव्हा पान १ च्या मागे पान ६ सरळ, नीट, हसत उभं होतं. तोवर साठ झाले होते. दोष माझाच, पैसे भरले. तुम्ही एकच कागद छापून घ्या, तिथंच काउंटरवर दुमडा, नखानं वरची घडी फाडा, पानं १ ते १६ उलटून बघा आणि मगच बाकीचे सांगा. मागे रांग कुरकुरली तर कुरकुरू दे. आणि 'फिट टू पेज' बंद आहे ना ते विचारा, नाहीतर तुमचा समास मशीन ठरवतं.

नारायण पेठेतल्या एका बोळात बाइंडर गाठायला संध्याकाळचे सहा वाजले. जिना चढताना खळीचा वास आला की आपण बरोबर ठिकाणी आलोय असं समजायचं. काका सत्तरीच्या पुढचे, हात थांबत नव्हते. समोर वर्गणीच्या पावतीपुस्तकांचे गठ्ठे. जुलै होता आणि गणपती तोंडावर. (ही फार कामाची गोष्ट: गणपतीच्या आधीचा महिना पावतीपुस्तकं आणि अहवालांचा, तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस पत्रिकांचे. छोट्या कामासाठी यातलं काहीच नसेल तेव्हा या. प्रत्यक्ष गणपतीत तर पेठेत कामाला येऊच नका.)

मी शंभर प्रतींचं सांगितलं. त्यांनी माझी डमी (दुमडलेली नमुन्याची प्रत) हातात घेतली, अंगठ्यानं पानं सोडली.

''हे काय म्हणालात ताई? झीन?''

''हो काका. चित्रकार लोक स्वतः काढतात.''

''एक फर्मा आहे की हो हा. सोळा पानी.''

मला त्या क्षणी थोडं ओशाळल्यासारखं झालं. मोबाइलवर आठवडाभर परदेशी व्हिडिओ बघून जी मांडणी मी शिकले, तिला या जिन्यावर पिढ्यान्‌पिढ्या नाव आहे. पुस्तकाची किंमतसुद्धा इथं फर्म्यांवर काढतात. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या चित्रशाळेनं याच शहरात देवादिकांची चित्रं शिळेवर छापून घरोघर पोचवली. चित्रकार आणि छापखाना एकमेकांना इथं काही कालपरवा भेटलेले नाहीत. पण शनिवारी टेबलं मांडलेल्यांपैकी बहुतेकांनी नदी ओलांडून या बाजूला कधी काम टाकलेलं नाही. ते ऑनलाइन ऑर्डर देतात, पंचवीस प्रतींना माझ्या शंभर प्रतींइतके पैसे मोजतात आणि वर पिन वाकडी येते.

काकांनी सांगितलं, सकाळी दहाला मुखपृष्ठं घेऊन या, दोनपर्यंत देतो. पिन मधोमध, दोन. तिन्ही बाजूंनी कटिंग. कटिंगमध्ये कडेचे काही मिलिमीटर जातात, म्हणून मजकूर आणि रेघा कडेपासून बोटाचं अर्धं पेर तरी आत ठेवा. मी मोर कडेपर्यंत काढला होता. त्याचा तुरा आता पुण्यात कुठल्यातरी रद्दीत आहे.

रात्री मावसबहिणीच्या घरी हॉलभर वर्तमानपत्रं पसरून लिनोवरून मुखपृष्ठं छापली. चमच्याच्या पाठीनं घासून. वीस झाली की मनगट बोलायला लागतं. पावसाळ्यात तेलाची शाई वापरायचा हट्ट कुणी करू नका. पाण्याची शाई वापरूनसुद्धा पंख्याखाली, गॅलरीतल्या दोऱ्यांवर, चिमट्यांना लटकवून सकाळपर्यंत जेमतेम वाळली. भाच्यानं एक मुखपृष्ठ शाळेच्या प्रोजेक्टला लावलं, त्याला विचारायची पद्धत नाही. ज्यांना हे नको असेल त्यांनी लग्नपत्रिकावाल्यांकडून स्क्रीन प्रिंटिंग करून घ्यावं, एक रंग स्वस्तात होतो. फक्त दोन दिवस हातात हवेत.

शनिवारी सकाळी काकांना मुखपृष्ठं देऊन बेडेकरांची मिसळ खाल्ली. आमच्याकडच्या माणसाला ती गोड लागते, पण मी तक्रार करणार नाही, कारण दोनला शंभर प्रती सुतळीत बांधून तयार होत्या. फक्त हातकागदाची ती कुरतडल्यासारखी नैसर्गिक कड काकांनी सरळ करून टाकली होती. त्यांना ती चूक वाटली. ती ठेवायची असेल तर आधी बजावून सांगा.

मेळावा एका स्टुडिओत होता. चौदा टेबलं, पंख्याला न जुमानणारा उकाडा, दारात छत्र्यांचा ढीग. किमती ₹५० पासून ₹४०० पर्यंत. माझी ₹६० ठेवली.

मला सगळ्यात आवडली ती एक चिवड्याच्या पुडीएवढी घडीची पुस्तिका. म्हात्रे पुलापासून संगमापर्यंतचे मुठेवरचे पूल, एका लांब पट्टीवर ओळीनं. भिडे पुलाच्या घडीवर नुसतं मातकट पाणी, पूल नाहीच. पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो, हे पुणेकराला वेगळं सांगावं लागत नाही. छायाचित्रकार दयानिता सिंग यांची २००८ मध्ये स्टाइडल या जर्मन प्रकाशनानं काढलेली सात छोट्या घडीपुस्तिकांची पेटी मी कॉलेजात काचेआडून पाहिली होती. हात लावता येत नाही असं पुस्तक बघण्यात काय मजा! ही मात्र टेबलभर उलगडून बघितली, चहाचा एक थेंबही पडला. मग विकतच घेतली.

दोन टेबलांवर रिसोची छपाई होती. रिसो हे जपानी मशीन. आतल्या पिंपाभोवती भोकं पाडलेला पातळ कागद (मास्टर) गुंडाळला जातो आणि शाई त्यातून कागदावर येते. एका वेळी एक रंग. म्हणजे आपल्या सायक्लोस्टाइलची, स्टेन्सिलवरून प्रती काढणाऱ्या जुन्या यंत्राची, शिकलेली नात. रंग फार गोड दिसतात आणि दोन रंग किंचित सरकलेले असले की आणखी गोड. पण ही शाई बोटाला लागत राहते. विकत घेतलीत तर मध्ये पातळ कागद घाला, पांढऱ्या कपड्यांच्या पिशवीत ठेवू नका. माझा एक कुर्ता गेलाय.

तक्रार एकच आहे. चौदा टेबलांपैकी मराठी पुस्तिका तिघांकडेच, त्यातली एक माझी. साठच्या दशकात मराठीत अनियतकालिकं निघत होती, खिशातल्या पैशांनी, सायक्लोस्टाइलवर, प्रस्थापित मासिकांना वाकुल्या दाखवत. १९७६ साली न्यूयॉर्कमध्ये चित्रकारांच्या पुस्तकांसाठी 'प्रिंटेड मॅटर' ही संस्था सुरू झाली, आणि त्याच वर्षी मुंबईत चार कवींनी 'क्लिअरिंग हाउस' ही प्रकाशनसंस्था काढून स्वतःची पुस्तकं स्वतः छापली. त्यातले एक आमच्या कोल्हापूरचे, जे. जे.त शिकलेले, जाहिरातीत काम करणारे अरुण कोलटकर. त्यांचा इंग्रजी कवितासंग्रह 'जेजुरी' तिथलाच. ते गेले ते इथं, पुण्यात, २००४ साली. एवढं सगळं घरात असताना शेजारच्या टेबलावरचा मुलगा मला म्हणाला, ''मराठीत केलं तर कूल नाही दिसत, ताई.'' मी त्याला विमानवाली ट्रॉली दाखवली. त्यानं दोन प्रती घेतल्या.

त्याचं अर्धं म्हणणं मात्र खरं आहे, आणि ते अक्षरांबद्दल आहे. इंग्रजी अक्षर आठ पॉइंटला झेरॉक्सवर तग धरतं. देवनागरीचे रफार, अनुस्वार, ऊकार त्या आकारात शाईनं भरून गोळा होतात. 'मूर्ख' आणि 'मुख' सारखेच दिसायला लागतात. मी ११ पॉइंटच्या खाली जात नाही, जोडाक्षरं जास्त असतील तर १२. हातानं लिहिणार असाल तर ०.५च्या पेननं, शिरोरेघ आणि मात्रा यांच्यात मुद्दाम हवा ठेवून, आणि छापायच्या आकारातच लिहा. मोठं लिहून लहान करू नका.

पैशांचं: कागद, वाया गेलेल्या साठ प्रिंटा, पिन-कटिंग सगळं धरून ₹३,००० च्या आत बसलं. विकल्या गेल्या ४१. अकरा अदलाबदलीत गेल्या, ही तिथली रीतच आहे: तुमची एक द्या, माझी एक घ्या. नवख्यानं अदलाबदलीसाठी वेगळा गठ्ठाच आणावा आणि आधी दुसऱ्याचं टेबल नीट बघावं. पहिल्याच वाक्यात 'बदली करता का?' विचारणं लोकांना आवडत नाही. सुट्टे पैसे आणा. स्टुडिओ तळघरात, तिथं रेंज नव्हती, क्यूआर कोड शोभेला.

उरलेल्या प्रती मागवणाऱ्यांना टपालानं पाठवायच्या होत्या. छापील पुस्तकांची जुनी रजिस्टर्ड सेवा २०२४च्या डिसेंबरात बंद झाली. २०२५च्या मेपासून 'ज्ञान पोस्ट' आहे: ३०० ग्रॅमपर्यंत ₹२०, वर कर, आणि पाकीट कुठवर गेलं ते कळतं. त्यात पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव असावं लागतं. माझ्या सोळा पानांत सगळं होतं, माझं नाव सोडून. सोमवारी महाद्वार रोडवर रबरी शिक्का करून घेतला, 'प्रकाशक' आणि खाली नाव-गाव, आणि उरलेल्या प्रतींच्या मागे जेवणाच्या टेबलावर बसून एकेक मारला. पहिले पाच तिरके आलेत. ते लांबच्या लोकांना पाठवले.