लिस्बनमध्ये एक दिवस, आईच्या चालीने

लिस्बनमधल्या चार दिवसांपैकी तिसरा दिवस आम्ही मुद्दाम मोकळा ठेवला होता. आदल्या दिवशी बेलेंचा मठ आणि तेथली वास्को द गामाची कबर पाहून आईचे गुडघे बोलू लागले होते, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला या चढउतारांच्या गावात घड्याळ हातात धरून पळवणे मला पटत नव्हते. म्हणून ठरवले, की आज तिकीट काढून आत जावे लागेल असे एकही ठिकाण पाहायचे नाही. आईच्या चालीने फिरायचे, दुकानांच्या काचांमागे काय मांडले आहे ते न्याहाळायचे आणि भूक लागेल तेथे बसून खायचे.

सुरुवात न्याहारीने केली. प्रासा दा फिगैरा या चौकाच्या कोपऱ्यावर कोन्फैतारिया नासिओनाल हे १८२९ साली सुरू झालेले मिठाईचे दुकान आहे. तेथे आम्ही पश्तेल द नाता घेतले, म्हणजे पापुद्रेदार पारीच्या वाटीत अंड्याच्या बलकाचे दाट गोड मिश्रण घालून, वर काळसर डाग पडेपर्यंत कडक आचेवर भाजलेला पदार्थ. वरून दालचिनीची पूड भुरभुरायची. आईने पहिला घास घेऊन बराच वेळ काही न बोलता खाल्ले, आणि आमच्या घरात ही मोठी पावती समजली जाते. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी पाव मागवला, तेव्हा त्यांच्या तोंडचा किंचित अनुनासिक ‘पांव’ तिने लगेच टिपला. पायांनी कणीक तुडवतात म्हणून पाव, ही लहानपणी ऐकलेली व्युत्पत्ती खरी नव्हे. हा शब्द पोर्तुगीजांचाच, आणि वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती, गोवा तर १९६१ पर्यंत, हे लक्षात घेतले तर तो आपल्याकडे कसा रुजला याचे नवल उरत नाही. आईचे माहेर सावंतवाडीचे, त्यामुळे गोव्याची हद्द तिच्या बालपणात अगदी शेजारी होती.

तेथून रोसियो चौक ओलांडला. काळ्यापांढऱ्या दगडी चिऱ्यांनी रेखलेल्या लाटा तेथे पायाखालून अशा वळत जातात, की सपाट जमीनही हलल्यासारखी वाटते. हे चिरे वापरून गुळगुळीत झालेले असल्यामुळे पाय सरकतो; वडीलधाऱ्यांना घेऊन येणाऱ्यांनी रबरी तळव्यांची पादत्राणे आणावीत.

पुढचा बायशा हा भाग म्हणजे काटकोनात आखलेल्या सरळ रस्त्यांची पेठ आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनला भूकंप झाला, पाठोपाठ समुद्राची लाट आली आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. त्या राखेवर पुढे मार्किश द पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने हे नवे शहर उभे केले, भिंतींच्या आत लाकडी सांगाडे बसवले आणि रस्ते एकेका व्यवसायाला वाटून दिले. सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा, कापडवाल्यांचा, अशी ती नावे आजही पाट्यांवर आहेत. आपल्याकडच्या तांबट आळी आणि कासार आळी मला तेथे आठवल्या. फरक इतकाच, की आपल्या आळ्या आपोआप वसत गेल्या आणि येथे त्या नकाशावर आधी आखल्या गेल्या.

दिवसाचा सर्वांत मोठा वेळ मात्र रुआ दा कोन्सेइसांव या रस्त्यावर गेला. पिवळी अठ्ठावीस नंबरची ट्राम येथूनच खडखडत जाते आणि बहुतेक प्रवासी तिचे छायाचित्र काढून निघून जातात; पण ट्रामकडे पाठ केली तर समोर बटणे, दोरे, लेस आणि लोकर विकणारी जुनी चिंचोळी दुकाने दिसतात. जन्मभर क्रोशाची सुई हातात असलेल्या माझ्या आईला मी त्या काचेसमोरून हलवू शकले नाही. पंधरा मिनिटांनी आम्ही आत गेलो. भिंतभर छोटे खण होते आणि प्रत्येकाच्या दर्शनी बाजूला आतले बटण टाचलेले होते. गल्ल्यामागच्या वयस्कर बाईंना इंग्रजी येत नव्हते, मलाही पोर्तुगीज येत नाही. आई खणांकडे बोट दाखवून आपली मराठीत म्हणाली, “फीत हवी, फीत. हिरवी.” बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “फीता?” आणि त्यांनी हिरव्या फितींची पाच रिळे गल्ल्यावर मांडली. मी त्या दोघींच्या मध्ये दुभाषी म्हणून उभी होते, पण माझी गरज उरली नव्हती. दोन मीटर फीत मोजून, कापून, कागदाच्या पुडीत बांधून मिळाली. दिवसभरातली आमची खरेदी म्हणाल तर एवढीच.

त्याच रस्त्यावर काचांना कागद चिकटवून बंद झालेले गाळेही दिसले आणि मला वाईट वाटले. भाडी वाढत आहेत आणि पर्यटकांच्या मागणीपुढे बटणांचा धंदा टिकणे कठीण आहे. लिस्बनच्या नगरपालिकेने ‘इतिहास असलेली दुकाने’ अशा अर्थाच्या नावाची योजना काढून जुन्या दुकानांना मान्यता आणि आधार देऊ केला आहे. आपल्या शहरांतल्या जुन्या पेठांसाठी कोणी असा विचार करील का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

शियादु हा दुकानांचा भाग बायशाच्या वरच्या अंगाला आहे. भुयारी रेल्वेच्या स्थानकातल्या लांबलचक सरकत्या जिन्यांनी वर गेल्यामुळे चढण टळली. तेथे रुआ दु कार्मुवर १९२५ पासूनचे हातमोज्यांचे एक दुकान आहे. दोनतीन माणसे उभी राहिली की ते भरते. गिऱ्हाईक कोपर एका लहानशा उशीवर टेकवते आणि विक्रेता लाकडी चिमट्याने मोज्याची बोटे सैल करून तो हातात चढवतो. हे सारे आम्ही दारातूनच पाहिले. बेर्त्रांद हे १७३२ पासूनचे पुस्तकांचे दुकान पाहिले, साबणांच्या रंगीत वेष्टनांपुढे थांबलो, कोबीच्या पानांच्या आकाराची हिरवी चिनी मातीची भांडी पाहिली. कोबी हा शब्दही याच भाषेतून आलेला, आणि साबण बहुधा, हे सांगितल्यावर आई प्रत्येक काचेपुढे नवा शब्द शोधू लागली.

जेवायला एका साध्या खाणावळीत बाकाल्याव आ ब्राश घेतले. भिजवून कुस्करलेला खारा कॉड मासा, बटाट्याच्या बारीक तळलेल्या काड्या, अंडे आणि काळे ऑलिव्ह यांची ही सरमिसळ आहे. मासा उत्तरेच्या थंड समुद्रातला, पण येथे त्याच्याशिवाय पान हलत नाही. उतरताना रुआ दु आर्सेनालवर याच सुक्या माशांची फळ्यांसारखी थप्पी लावलेली दुकाने लागली. वास आला आणि आई म्हणाली, “हा तर आमच्या बाजाराचा वास!”

संध्याकाळी एका कॉफीच्या दुकानात बाकाल्यावच्या, म्हणजे याच खाऱ्या कॉडच्या, वड्यांशेजारी शामुसा मांडलेला दिसला. आपला सामोसा गोवा आणि मोझांबिकमधून आलेल्या लोकांबरोबर येथे पोहोचला आणि आता येथलाच झाला आहे. तो खाऊन आम्ही तेजू नदीकाठी दोन दगडी खांबांमधून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. पलीकडच्या तीराला फेरीबोटी निघत होत्या. आईने पिशवीतून पुडी काढली, फीत बोटाभोवती गुंडाळून उन्हात धरली आणि म्हणाली, “दुकानात गडद वाटली होती. ही तर पोपटी आहे. सईच्या परकराला छान दिसेल.”