तक्रार असलेली दिंडी

माउलींची पालखी मुक्कामाच्या तळावर पोचली की समाज आरती होते. सगळ्या दिंड्या रिंगण करून उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ असतो. पालखी मधोमध येते, चोपदार हातातला दंड उंच धरतात आणि ‘होऽऽ’ अशी आरोळी देतात. एका दमात सगळे टाळ बंद. मात्र ज्या दिंडीला काही गाऱ्हाणं असेल ती थांबत नाही, वाजवतच राहते. मग चोपदार चालत तिच्यापाशी जातात, काय झालं ते विचारतात, जागेवर तोड काढतात. ती दिंडी गप्प झाली की मग हरवलं-सापडलं पुकारतात, उद्याची निघायची वेळ सांगतात आणि आरती होते.

मी हे पहिल्यांदा लोणंदच्या तळावर नीट पाहिलं. एका दिंडीचा पाण्याचा टँकर दुसऱ्यांनीच मधे अडवून रिकामा केला होता. भांडण एवढंसंच. पण लाखभर माणूस चिखलात उभा, पाय सुजलेले, पोटात भूक, आणि सगळे त्या टँकरची गोष्ट संपायची वाट बघतायत. कुणी ‘अहो पुरे की आता’ म्हणालं नाही. मला तिथे रडू आलं. शेजारच्या काकूंना वाटलं भक्तीनं आलं.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. तीन पिढ्या तिकडे गेल्यानं आमची मराठी ऐकून दिंडीतले लोक हसायचे. मी ‘जरा सरकून घ्या’ म्हटलं तरी त्यांना ते हिंदीच वाटायचं. माझा धाकटा भाऊ रंगपंचमीच्या संध्याकाळी गेला. राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, दुपारीच आटोपली होती. गल्लीत स्कूटर लावण्यावरून बाचाबाची झाली, दोन गल्ल्या पलीकडच्या विशीतल्या पोरानं चाकू काढला. बस्स, एवढंच. यात सांगण्यासारखी गोष्ट नाही, म्हणूनच ती सांगवत नाही. कुणी विचारलं की लोक पुढच्या वाक्याची वाट बघतात, आणि पुढचं वाक्यच नसतं.

मग कोर्ट. खटल्याचं नाव ‘मध्य प्रदेश शासन विरुद्ध’ अमुक. भाऊ कागदोपत्री ‘मृतक’ झाला, आम्ही ‘फरियादी पक्ष’. खून हा राज्याविरुद्धचा गुन्हा, तो घराघरांत मिटवता येत नाही, हे मला पटतं. नाहीतर पैसेवाल्यानं कुणालाही मारावं आणि गरिबाच्या घरी पाकीट पाठवावं. पण राज्यानं आमचं दुःख आपल्या नावावर करून घेतलं आणि आम्हाला बाकावर बसवलं, तेही खरं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 2009च्या दुरुस्तीनं पीडिताच्या घरच्यांना अपिलाचा हक्क मिळाला, सरकारी वकिलाच्या मदतीला आपला वकील देता येतो, भरपाईची योजना आहे. हे सगळं मी पाठ केलं. मात्र मला जे विचारायचं होतं ते विचारायला त्या खोलीत जागा नव्हती. सरकारी बाजूचा साक्षीपुरावा संपला की न्यायाधीश आरोपीला त्याच्याविरुद्ध आलेला एकेक मुद्दा विचारतात. त्याच संहितेचं तेव्हाचं ते कलम 313. आमचा आरोपी प्रत्येक प्रश्नाला एकच बोलला, ‘गलत है’. वकिलानं शिकवलेलं, आणि तो त्याचा हक्कच. शेवटी जन्मठेप झाली. लोक म्हणाले, चला, न्याय मिळाला, आता मन मोकळं करा.

मन मोकळं करा म्हणणाऱ्यांचा इंदुरात एक ठरलेला दाखला असतो. सिस्टर राणी मारिया. केरळच्या कॅथलिक जोगीण, पण काम इंदूरजवळच्या उदयनगरकडे, आदिवासी शेतमजुरांना सावकारांविरुद्ध उभं करायचं. 25 फेब्रुवारी 1995ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांना सगळ्यांसमोर भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीणही सिस्टर. तिनं 2002 साली तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली. 2006मध्ये तो सुटला, त्या कुटुंबानंच त्याच्या सुटकेला पाठिंबा दिला होता. 2017च्या नोव्हेंबरात इंदुरात राणी मारियांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्याचा सोहळा झाला, त्याला तो हजर होता. मी ही गोष्ट खरी मानते आणि त्या बहिणीपुढे हात जोडते. पण दिवसकार्याला आलेल्या बायका चहाचा कप हातात घेऊन ‘बघा, तिनं राखीसुद्धा बांधली’ असं वहिनीला सांगतात, तेव्हा तो कप काढून घ्यावासा वाटतो. 1995 ते 2002 मधली सात वर्षं कुणी मोजत नाही. शिवाय तो माणूस तिच्यासमोर ‘मी केलं’ म्हणाला होता. आमचा ‘गलत है’ म्हणतोय.

वारीला मी माफ करायचं बळ मागायला वगैरे गेले नव्हते. घरात बसवत नव्हतं म्हणून गेले. राजेंद्रनगरच्या एका काकांची ओळख होती, त्यांनी रथामागच्या एका दिंडीत नाव घातलं, भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चाची वर्गणी, भरली, पुण्याला जाऊन मिळाले. दिवेघाटाचं वर्णन करत नाही, सगळेच करतात. चढ आहे, दम लागतो, पाऊस आला तर बरं वाटतं.

चालताना एक बरं असतं, तुम्हाला काही विचारत नाहीत. सगळ्यांना सगळे ‘माउली’. संध्याकाळी पसायदान व्हायचं, त्यातली खळांची ओळ आली की मी ओठ मिटून घ्यायची. कुणी टोकलं नाही.

वाटेत आमच्या दिंडीतल्या महाराजांनी हैबतबाबांची कथा सांगितली. पालखी, दिंड्यांचे क्रम, भजनांची मालिका, हा सगळा थाट हैबतबाबा आरफळकरांनी बसवला. मूळचे साताऱ्याकडच्या आरफळचे, चाकरी ग्वाल्हेरला शिंद्यांकडे. म्हणजे आमच्या बाजूचं अन्न खाल्लेला माणूस! आख्यायिका अशी, की मिळकत घेऊन गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना लुटलं आणि गुहेत कोंडून घातलं. बाबा आत हरिपाठ म्हणत राहिले. एकविसाव्या दिवशी लुटारूंच्या नाईकाला मुलगा झाला, त्या आनंदात गुहा उघडली, माल परत मिळाला, आणि बाबा घरी न जाता आळंदीला आले ते कायमचे. सगळे ‘वाहवा’ म्हणाले. माझ्या डोक्यात भलतंच. त्या गुहेत बाबांच्या आधी जे कोंडले असतील त्यांचं काय? ज्यांच्या वेळेला नाईकाला मुलगा झाला नाही त्यांचं? आख्यायिकेला हे विचारायचं नसतं, कळतं मला. पण मी फरियादी पक्ष.

फलटणच्या पुढे पायाला फोड आला, करंगळीच्या खाली, चांगला चिंचोक्याएवढा. तंबूत माझ्या शेजारी परभणीकडच्या एक मावशी झोपायच्या. मोजकंच बोलायच्या, भल्या पहाटे उठून बायकांसाठी पाण्याची रांग धरायच्या. त्यांनी माझा पाय मांडीवर ओढून घेतला, सुई मेणबत्तीवर धरली, तेलात भिजवलेला दोरा ओवला आणि फोडातून आरपार काढला. दोरा तसाच आत ठेवायचा, पाणी झिरपून जातं, कातडी निघत नाही. दोरा अर्धा आत असताना मी आपलं सहज विचारलं, मुलंबाळं किती?

“दोन पोरी दिल्या. पोरगं आत हाय.”

आत म्हणजे घरात, असं मला वाटलं. त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. “बांधावरनं झालं. भावकीतलाच माणूस. कुऱ्हाड घातली यानं.”

पाय मागे ओढावा तर तो त्यांच्या हातात. मी म्हटलं, माझा भाऊ असाच गेला. त्यांनी दोरा दातानं तोडला, पाय हळूच खाली ठेवला, आणि सुई परत डबीत घालायला त्यांना बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी त्या दिंडीच्या पार शेवटी चालत होत्या. वारीत सकाळी भेटला माणूस की एकमेकांच्या पाया पडतात, वय बघत नाहीत. त्या माझ्या वाटेत आल्याच नाहीत. दुपारचा विसावा झाल्यावर मीच मागे राहिले. वाटलं होतं, चार समजुतीचे शब्द बोलावेत. तोंडातून आलं ते असं: “त्या दिवशी तो घरी आला होता?”

“आला.”

“जेवला?”

“जेवला. दोन भाकरी खाल्ल्या. मला वाटलं, रानातनं दमून आलाय.”

“कपडे?”

“मीच धुतले.” थोडं चालून म्हणाल्या, “पोलिसांनी इचारलं. म्या न्हाई म्हणाले.”

मग मात्र माझा ताबा सुटला. भर रस्त्यात, टाळांच्या आवाजात, मी त्या बाईला वाट्टेल ते बोलले. तिकडे एक घर वाट बघत होतं आणि तुम्ही भाकरी वाढलीत, डाग धुतलेत, वर खोटं बोललात. त्या डोक्यावरचं तुळशीवृंदावन एका हातानं सावरत ऐकत होत्या.

“व्हय,” म्हणाल्या. “खोटं बोलले.”

आई होते म्हणून, भीती वाटली म्हणून, असं काही पुढे आलं नाही. नुसतं व्हय. इतकी वर्षं पोलीस, वकील, शेजारी, नातलग, सगळ्यांकडून सगळं ऐकलं. हे एक कुणी म्हणालं नव्हतं. आणि म्हणालं ते माझ्या भावाशी काडीचा संबंध नसलेल्या बाईनं. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, “त्या घरची सून मला उभी करल का वो?” मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. पण ती काय विचारेल ते मला माहीत होतं, ते मी त्यांना सांगत गेले. वाखरीपर्यंत हेच चाललं होतं आमचं. मधे मधे भांडणही झालं. मुलगा सुटावा असं त्यांना वाटत होतं, आणि ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पंढरपुरात गर्दी पाहून कळसाचं दर्शन घेतलं आणि होळकर वाड्याच्या बाजूला जाऊन आले, इंदूरकराला तेवढं करावंच लागतं. अहिल्याबाईंनी डोंगरातल्या भिल्लांना वाटेवरच्या मालावर भीलकवडी नावाचा थोडासा कर घ्यायचा हक्क दिला होता. बदल्यात वाटसरूंना सांभाळायचं आणि आपल्या हद्दीत चोरी झाली तर माल हुडकून द्यायचा. लुटारूंचा बंदोबस्तही त्यांनी केला, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत, ज्याचं गेलं त्याच्याकडे पाहिलं. शाळेत हे धड्यासारखं वाचलं होतं.

परत आल्यावर वकिलांकडे गेले. त्यांच्या ज्युनिअर मुलीला पुनर्स्थापक न्याय ठाऊक होता. न्यूझीलंडमध्ये 1989च्या कायद्यानं अल्पवयीन आरोपींसाठी दोन्ही बाजूंच्या घरांना समोरासमोर बसवण्याची पद्धत आणली, तिच्यामागे माओरींची जुनी रीत आहे, असं तिनं सांगितलं. आरोपीनं आधी कबूल करायचं, मग ज्याचं गेलं त्यानं विचारायचं, मग भरून काय देता येईल ते ठरवायचं. माफी मागितलीच पाहिजे, दिलीच पाहिजे, असं काही नाही. आपल्याकडे खुनासाठी अशी काही ठरलेली वाट नाही. जन्मठेपेच्या कैद्याला निदान 14 वर्षं काढावी लागतात, पुढे सुटकेचा विचार झाला तर निकाल देणाऱ्या न्यायाधीशाचं मत मागवतात; आमचं मत घ्यायलाच हवं असं कलम मला कुणी दाखवलं नाही. वकील म्हणाले, भेटीसाठी तुरुंग अधीक्षकांना अर्ज करून बघू. तो तयार असेल तरच, आणि त्या पोराच्या आईमार्फत आधी विचारू. ती आई दोन गल्ल्या पलीकडेच राहते. भाजीच्या गाडीवर मला बघितलं की बिचारी भाजी न घेता निघून जाते.

अर्जासोबत माझे प्रश्न लिहून दिले. भाऊ पडल्यावर काय बोलला. तू किती वेळ तिथे होतास. घरी जाऊन जेवलास का.

वहिनीला हे आवडलं नाही. “तुम्ही बहीण आहात, तुम्हाला जे करायचं ते करा,” ती म्हणाली, “माझ्या वतीनं माफीबिफी काही बोलू नका.” बोलणार नाही, मी सांगितलं. तो अधिकार तिचाच, आणि तिनं तो कधीच वापरला नाही तरी मला चालेल. संध्याकाळी ती वकिलांच्या ऑफिसात आली. कागद वाचला आणि खाली पेनानं एक ओळ घातली: स्कूटरची किल्ली कुठे टाकलीस?

वकील म्हणाले, किल्लीचा केसशी काही संबंध नाही.

“असू दे,” वहिनी म्हणाली, “टाइप करा.”