प्वेदे ना

२ नोव्हेंबर, रात्र

नानाय, म्हणजे माझ्या फिलिपिनो सासूबाई, म्हणाल्या, "प्वेदे ना."

दुपारी दीडला म्हणाल्या. आता अकरा वाजून गेले. भांडी झाली, ओटा पुसून झाला, बारकी झोपली, हासुद्धा घोरायला लागला, आणि माझ्या डोक्यात अजून तेवढंच फिरतंय. प्वेदे ना. म्हणजे ‘चालेल’. म्हणजे ‘खाण्यासारखं आहे’. म्हणजे ‘आता ताटात वाढलंच आहेस तर’. यातलं नेमकं कुठलं ते सुरावरून ओळखायचं असतं. सूर पकडावा म्हटलं तर त्यांनी तेवढ्यात बारकीला भात वाढायला घेतला.

‘मासाराप’, म्हणजे चविष्ट, म्हणाल्या नाहीत. तो शब्द त्या कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या पांदेसाललासुद्धा म्हणतात. पावाला मासाराप, आणि पात्यावर, म्हणजे डुकराच्या पायावर, घातलेल्या माझ्या अडीच तासांना प्वेदे ना.

अडीच तास फक्त शिजायचे धरलेत. परवा पहाटे साडेपाचला बाजारात उभी होते. उन्दासच्या, म्हणजे मृतांच्या सणाच्या, तोंडावर पालेंगकेत, म्हणजे बाजारात, पाय ठेवायला जागा नसते, जिकडे तिकडे मेणबत्त्या आणि शेवंती. काल दिवसभर तर कब्रस्तानातच जाणार होता, म्हणून पाता परवाच आणून ठेवायचा होता. खाटकाने विचारलं, पुढचा पाय की मागचा? मी मागचा सांगितला, मांस जास्त म्हणून. पावणेदोन किलो, आडवे तुकडे, मधोमध हाड आणि भोवती कातडीचं कडं. घरी येऊन एकेक तुकडा चिमट्यात धरून गॅसवर भाजला, काळं झालेलं सुरीने खरवडलं. तो जळक्या केसांचा वास आला आणि मी मनिलाजवळच्या या मारिकिनातली राहिलेच नाही काही क्षण. नाताळच्या आदल्या दिवशीची वसईतली वाडी, गवताचा जाळ, बाबा लुंगी खोचून उभे. असो.

आज सकाळी पहिलं पाणी उकळून फेकलं. मग ताज्या पाण्यात अर्धी वाटी सुका, अर्धी वाटी तोयो (सोया सॉस), लसणाचा अख्खा गड्डा ठेचून, मिरी अख्खी, तांबडी साखर. (लग्नानंतर पहिल्यांदा ‘सुका घालायचा’ ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं रस्सा आटवून सुकं करायचंय. सुका म्हणजे शिरका. हा पदार्थ तर इतका ओला की भाताचं धरण बांधावं लागतं.) शिरका ओतला की त्याला उकळी फुटेपर्यंत डाव लावायचा नाही, झाकणही ठेवायचं नाही. ढवळलं तर शिरका ‘हिलाव’ राहतो, कच्चा लागतो. हे मला नानायनीच शिकवलं, माझ्या हातावर चापटी मारून. आज मी डाव धुऊन, पुसून, खणात ठेवून दिला होता. हातच नको जायला.

शिरका साधासुधा नव्हताच. विगानहून कुणी येणार असलं की नानाय गॅलनभर मागवतात, इलोकोसचा, उसाच्या रसाचा, काळसर. उसाच्या रसाची बासी होते, म्हणजे दारू, आणि बासी आणखी आंबली की हा शिरका. आमच्याकडे माडीचा असतो, तो पांढुरका आणि जरा मवाळ. हा नाकातून वर जातो.

शेवटी सुकवलेलं केळफूल. इथे आतली फुलं सुकवून विकतात, तपकिरी दोऱ्यांच्या जुडीसारखी दिसतात. भिजवून, गाठ मारून रश्श्यात सोडायची. ती रस्सा पितात आणि फुगतात. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "केळफूल डुकरात? आणि काढलंस ना मधलं कडक काडीसारखं?" आईची काळजी बरोबर तिथेच असते.

तर सगळं नीट होतं. कातडी अशी झाली होती की पातेलं हलवलं की थरथरायची पण सुटत नव्हती. तातायना, म्हणजे सासऱ्यांना, अशीच लागायची. आयुष्यभर बुटांची चामडी कापलेला माणूस, कातडीतलं त्याला जास्त कळायचं.

मग चुकलं कुठे?

तमालपत्र. लिहूनच टाकते. लॉरेल, म्हणजे इकडे तमालपत्राच्या जागी घालतात ते पान, संपलं होतं, हे मला सकाळी गॅस पेटवल्यावर कळलं. दुकानं बंद. आईने मागच्या खेपेला पाठवलेलं तमालपत्र होतं डब्यात, आमच्या वसईकडच्या बाटली मसाल्याच्या शेजारी. तीन पानं टाकली. पानच तर आहे, कुणाला कळणार?

नानायना कळलं. जेवताना त्यांच्या ताटात एक आलं. त्यांनी ते चमच्याने उचललं, उलटं करून बघितलं. लॉरेलला मधे एकच शीर असते, आपल्या तमालपत्राला देठापासून टोकापर्यंत तीन. त्यांनी त्या तीन शिरा मोजल्या असं मला दिसलं, किंवा वाटलं. मग पान ताटाच्या कडेला ठेवलं. भुवया उचलल्या. इथे भुवया उचलणं म्हणजे ‘हो’, पण कशाला हो ते ज्याचं त्याने समजायचं. आणि मग म्हणाल्या, प्वेदे ना.

त्यानंतर जी शांतता पडली ती मी भरायला गेले, हे तर त्याहून वाईट. पोर्तुगीज वसईत आले १५३४ साली, मॅगेलन तुमच्याकडे १५२१ ला, म्हणून आमचं इंदियाल आणि तुमचं आदोबो लांबचे भाऊ, दोन्हींत डुक्कर, लसूण आणि शिरका, वगैरे वगैरे. आते म्हणाली, शिरक्यात शिजवायला आम्हाला स्पॅनिश लोकांनी शिकवलं नाही, त्यांनी फक्त नाव दिलं. हे खरंच आहे. १६१३ च्या तागालोग शब्दकोशात त्या पाद्रीबाबाने ‘इथल्या लोकांचं आदोबो’ असंच लिहून ठेवलंय, मला माहीत होतं. माहीत असून मी उलटं बोलत बसले. बारकीने मधेच विचारलं, अजून रस्सा आहे का. देव तिचं भलं करो.

(आते म्हणजे नणंद. मोठ्या बहिणीला इथे आते म्हणतात. अकरा वर्षं झाली, तरी हाक मारताना मला बाबांच्या बहिणी आठवतात.)

अकरा वर्षं. सिनिगांग येतो, पानसित येतो, आल्यागेल्या वडीलधाऱ्यांना मानो करते, हात धरून कपाळाला लावते, वाक्याच्या शेवटी आदराचा ‘पो’ चुकत नाही. माझ्या बाटली मसाल्याचं झाकण या घरात माझ्याशिवाय कुणी उघडलेलं नाही. उघडून वाससुद्धा घेतलेला नाही. मी आज पात्यात चिमूटभर टाकू शकले असते. हात गेला होता. टाकला नाही. तातायचं ताट होतं ते.

भावाने सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, बाबांच्या कबरीचा. झेंडूचा क्रॉस केलाय, मेणबत्त्या लावल्यात. मी हृदय पाठवलं आणि पाता उलटायला गेले.

तातायच्या फोटोसमोर नानायनी आतांग ठेवलं होतं. आपल्याकडे पान वाढतात तसंच. भात, पात्याचा सगळ्यात चांगला तुकडा (निवड त्यांनीच केली, पातेल्यात वाकून), छोट्या पेल्यात जिन, आणि एक सिगरेट. मी त्या ताटाकडे बघत होते आणि मनात आलं, आमच्या हिंदू शेजाऱ्यांचं बरं असतं. कावळा शिवला तर पसंत, नाही शिवला तर काहीतरी राहिलं. निदान निकाल तरी कळतो. मारिकिनात कावळे दिसत नाहीत. इथे सासू आहे, आणि ती म्हणते प्वेदे ना.

ह्याला विचारलं, रात्री, दात घासताना. "प्वेदे ना म्हणजे काय रे?" तोंडात फेस घेऊन म्हणाला, "प्वेदे ना म्हणजे प्वेदे ना." याच्याशी मी लग्न केलं. दुबईत, सतवामधल्या त्या खोलीत मला पहिल्यांदा पाता खाऊ घालून याने मला गुंडाळलं, आणि आता हा चूळ भरतो.

मात्र एक गोष्ट लिहायची राहिलीच, आणि खरं तर तीच मघापासून टाळतेय. निघताना नानायनी डबा मागितला. उबे आइस्क्रीमचा रिकामा डबा असतोच प्रत्येक घरात. त्यात चार मोठे तुकडे, रस्सा काठोकाठ, आणि केळफुलाच्या जवळजवळ सगळ्या गाठी, डावाने शोधून शोधून. मी बघतच राहिले. ज्याला प्वेदे ना म्हणालात, ते इतकं?

मग मला आतेकडचा ब्राऊनी आठवला. त्या कुत्र्याची तब्येत बघितली तर बऱ्याच सुनांचं कर्तृत्व त्यात दिसेल. तासभर मी ब्राऊनीवर रुसून बसले होते, त्याचा यात काय दोष. शिवाय एवढ्या केळफुलाचं कुत्रं काय करणार? काढून टाकेल. पातेल्यातून केळफूल वेचणारा माणूस कुत्र्यासाठी वेचत नाही. एवढं मी आता, भांडी घासून झाल्यावर, मान्य करायला तयार आहे. प्वेदे.

नऊ वाजता आतेचा मेसेज आला. "ते पान कसलं होतं? नानाय विचारतायत." एवढंच. मी चार उत्तरं लिहून पुसली. पहिल्यात माफी होती. दुसऱ्यात ‘लॉरेलच, पण आमच्याकडचं’. तिसऱ्यात त्या तीन शिरांबद्दल दोन ओळी. चौथं नुसतंच हसणारं तोंड, ते सगळ्यात मूर्ख.

आता पाणी प्यायला उठले तर उरलेलं पातेलं फ्रिजमध्ये ठेवायचं विसरलेच होते. इतक्या वेळात रस्सा गोठून घट्ट झालाय, चमचा उभा राहतो. हाडाभोवतीचं मांस तसंच गार, बोटांनी सोडवून खाल्लं, उभ्याउभ्या. सकाळपेक्षा आता शिरका मुरलाय. उद्या आणखी बरा लागेल, आमच्या इंदियालचंही तसंच असतं, तिसऱ्या दिवशी खरी चव.

तळाशी तमालपत्र सापडलं. एक. मी तीन टाकली होती. एक नानायच्या ताटाच्या कडेला होतं, ते मीच कचऱ्यात टाकलं. दुसरं हे. तिसरं पातेलं खरवडून बघितलं, चाळून बघितलं, कुठेच नाही.

म्हणजे ते डब्यातून गेलं. डाव नानायच्याच हातात होता.

आतेला अजून उत्तर दिलेलं नाही. आईला विचारायला हवं पुढच्या वेळी कुणाबरोबर सामान पाठवतेय, आणि तिच्याकडे आता रात्रीचे साडेआठ-नऊच झाले असतील, जागी असेल.